आपण कधी नरसंहार केला आहे काय?

मराठी मध्यमवर्गीय माणसाला फॉर्मची भीती वाटत नाही. बालवाडीच्या प्रवेशापासून गॅसच्या जोडणीपर्यंत आणि दहावीच्या परीक्षेपासून पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यापर्यंत त्याचे निम्मे आयुष्य फॉर्म भरण्यात गेलेले असते. ‘संपूर्ण नाव, आडनाव प्रथम’ एवढे वाचले की त्याचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. झेरॉक्सवर सही, फोटोच्या मागे नाव, ‘लागू नसेल ते खोडा’ हे सगळे त्याला तोंडपाठ असते. दर नोव्हेंबरात ‘मी जिवंत आहे’ असे जो स्वतःच्या सहीने सरकारला कळवतो, त्याला आता आणखी कोण काय विचारणार? मग एके दिवशी मुलाचा न्यू जर्सीहून फोन येतो. “बाबा, या उन्हाळ्यात इकडे याच. टुरिस्ट व्हिसाचा फॉर्म ऑनलाइन असतो. अर्ध्या तासाचं काम आहे.”

या अर्ध्या तासावर विश्वास ठेवून बसलेली माणसे तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येतात. सोसायटीत पाण्याचा पंप बंद पडला की कुणाला हाक मारायची हे जसे ठरलेले आहे, तसेच ऑनलाइन फॉर्म अडला की माझे दार वाजवायचे हेही ठरलेले आहे. त्यामुळे लोकांच्या घरातली जी माहिती त्यांच्या व्याह्यांनाही नसते ती मला असते. कुणाचे खरे वय काय, कुणाच्या खात्यात काय, कुणाचा साखरपुडा मोडला होता, सगळे. व्हिसाचा फॉर्म काहीही पोटात ठेवू देत नाही.

पूर्वी असे नव्हते, हे वाक्य प्रत्येक पिढी म्हणते, पण या बाबतीत ते खरे आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना प्रश्न कमी आले नाहीत. तिकडे काय खाणार, काय नेसणार, धर्माचे काय होणार, असे सगळे प्रश्न आले. पण ते आपल्याच लोकांकडून. त्यांची उत्तरे आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभे राहून इंग्रजीत दिली. अमेरिकेने मात्र त्यांच्याकडे व्हिसा मागितला नाही. स्टेफान त्स्वाइग हा ऑस्ट्रियन लेखक तर १९१४च्या आधी भारत आणि अमेरिका पासपोर्टशिवाय फिरून आला होता, आणि पुढे तरुणांना तो हे सांगायचा तेव्हा त्यांचा विश्वास बसत नसे. पहिल्या महायुद्धात हा कागदी बंदोबस्त तात्पुरता म्हणून आला. १९२०मध्ये राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने पासपोर्टचा एकसारखा नमुना ठरवला, तोही कधीतरी पुन्हा जुने मोकळे दिवस येतील या आशेवर. सरकारी व्यवहारात जे तात्पुरते असते तेच टिकते. ब्रिटनला नुसते फिरायला जायचे तर भारतीयांना आधी व्हिसा घ्यावा लागत नसे. १९८६पासून तेही संपले. त्यानंतर जन्मलेल्या माणसाला परदेशी जायचे म्हणजे आधी फॉर्म, मग बॅग.

तर वरच्या मजल्यावरचे काका-काकू. काका खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले. अमेरिकेच्या फॉर्मचे नाव डीएस-१६०. तो ज्याचा त्याने वेगळा भरायचा. नवराबायको एक असतात ते सत्यनारायणापुरते. अमेरिकेसाठी ते दोन संशयित आहेत.

फॉर्म सुरू होण्याआधीच एक गुप्त प्रश्न येतो. अर्धवट राहिलेला अर्ज पुन्हा उघडायचा तर त्याचे उत्तर द्यावे लागते. प्रश्न असा: तुमच्या आईच्या आईचे नाव काय?

“आजी,” काका म्हणाले.

“नाव, काका.”

“आजीच म्हणायचो रे आम्ही. सगळे आजीच म्हणायचे. आजोबा तर काहीच म्हणायचे नाहीत.”

मग निपाणीच्या मावशीला फोन. मावशीला ऐकू कमी येते. ‘अमेरिकेला तुमच्या आईचं नाव हवंय’ हे वाक्य तिसऱ्यांदा ओरडून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “कशाला? ती तर केव्हाच गेली.” मग म्हणाल्या, “माहेरचं सांगू का सासरचं?” दोन्ही घेतली. मग इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘व्ही’ घालायचा की ‘डब्ल्यू’ यावर काका-काकूंत मतभेद झाले. जी बाई आयुष्यात सही म्हणून अंगठा उठवत आली, तिच्या नावाच्या स्पेलिंगवर आता अमेरिकेचे दार उघडणार होते. एवढ्यात पान बंद पडले. हा फॉर्म वीस मिनिटे नुसता उघडा ठेवला की आपण झोपलो असे समजून निघून जातो. मावशीचा एक फोन वीस मिनिटांत आटोपेल असे ज्या माणसाला वाटले, त्याने निपाणीला कधी फोन केलेला नाही.

पुढच्या पानावर मात्र काका खूश झाले. अख्ख्या फॉर्ममध्ये एकच चौकट अशी आहे की जिथे नाव आपल्या लिपीत लिहायचे असते. काकांनी तिथे ऱ्हस्व-दीर्घ तपासून, स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे ठसठशीत मराठीत लिहिले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचले. त्याच्या पुढचा प्रश्न: तुमच्या नावाचा टेलिकोड आहे का? इथे भलेभले गारद होतात. चिनी अक्षरे तारेने पाठवता यावीत म्हणून त्यांना चार-चार आकड्यांचे क्रमांक दिलेले होते, तो हा टेलिकोड. काका म्हणाले, “आपल्याकडे २०१३ साली तारच बंद झाली. ते माहीत नाही का यांना?” ‘नाही’ हे उत्तर देऊन आम्ही पुढे गेलो, पण अमेरिका मागे आहे हे काकांच्या मनाने घेतले ते कायमचेच.

काकूंच्या फॉर्ममध्ये खरी गंमत ‘आपण आणखी कोणती नावे वापरली आहेत’ इथे सुरू झाली. माहेरचे, टोपणनाव, टोळीतले नाव, सगळे चालते, पण लपवायचे नाही. आता काकूंच्या पिढीच्या बायकांचे पाहा. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव. लग्नात तांदळात लिहिलेले दुसरे. पासपोर्टवर तेच, पण मध्ये नवऱ्याचे नाव. पॅनकार्डावर नवऱ्याच्या नावाचे नुसते आद्याक्षर. आधारवर ऑपरेटरने त्याच्या मनाने केलेले स्पेलिंग. एखाद्या आंतरराष्ट्रीय तस्कराकडे इतकी नावे नसतील. काकूंनी सगळी सांगितली आणि वर म्हणाल्या, “आणि हे मला यातल्या एकाही नावानं हाक मारत नाहीत. ‘ऐकलंस का’ म्हणतात. तेही लिहायचं का?”

आईवडिलांची जन्मतारीख हे पान सोपे वाटले होते. काकांचा जन्म १ जूनचा. त्यांच्या वडिलांचाही १ जूनचा. काकूंच्या वडिलांचाही १ जूनचा. परदेशी अधिकाऱ्याला वाटेल, या मुलखात जून लागला की लोक लगेच जन्माला येतात. शाळेत नाव घालताना पोराच्या आईला फक्त ‘पेरणीच्या आसपास’ एवढेच आठवायचे, आणि गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने १ जून ठोकून मोकळे व्हायचे. त्या गुरुजींनी ज्या तारखेला जन्माला घातले, तीच तारीख आज वॉशिंग्टनमध्ये नोंदली जाते. महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षकाचा प्रभाव एवढ्या दूरवर पोहोचला आहे, याची दखल शिक्षण खात्याने घ्यायला हवी.

“आपण एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे सदस्य आहात काय?” मी वाचले.

काका सावरून बसले. “हो तर. गोत्र काश्यप. कुलदैवत...”

“काका, इथे ‘नाही’ म्हणायचं असतं.”

“नाही कसं म्हणू? मग श्राद्धाला काय सांगतो मी?”

बरीच समजूत घातल्यावर ‘नाही’वर टिचकी पडली. पडल्याबरोबर काकांनी देवघराच्या दिशेने हात जोडले. कुलदैवताला एवढे समजून घ्यावे लागते. नातवाला पाहायला चालले आहेत.

पण पुढच्या प्रश्नाने घात केला. ‘आपण कोणत्याही व्यावसायिक, सामाजिक किंवा धर्मादाय संस्थेचे सदस्य आहात काय, तिला देणगी दिली आहे काय, तिच्यासाठी काम केले आहे काय?’ पुण्यात राहून या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा माणूस एक तर खोटे बोलतो किंवा त्याच्या इमारतीला वॉचमन फार कडक आहे. काकांनी आतून पावत्यांची फाइल आणली. ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यसंघ, वाचनालय, ग्राहक पंचायत, गावच्या देवळाचा जीर्णोद्धार आणि गणपतीची वर्गणी. आता गणपती मंडळाचे नाव बघा: सुरुवात ‘अखिल’ने, मध्ये चौकाचे नाव, शेवटी ‘नवतरुण मित्र मंडळ’. मंडळाची हद्द पानटपरीपासून दूध डेअरीपर्यंत, पण नाव ‘अखिल’. यात तरुण किती, आणि ते दहा दिवस नक्की काय करतात, हे परदेशी अधिकाऱ्याने विचारले तर काका काय सांगणार? ते त्या मंडळाला वर्गणीच मुळी स्पीकर त्यांच्या खिडकीकडे तोंड करून लावू नये म्हणून देतात.

तेवढ्यात प्रश्न आला: ‘बंदुका, स्फोटके, अणू, जैविक किंवा रासायनिक विषयातले विशेष कौशल्य किंवा प्रशिक्षण आपल्याकडे आहे काय?’

“आहे,” काका म्हणाले. “चौतीस वर्षं ॲम्युनिशन फॅक्टरी.”

“तुम्ही अकाउंट्सला होता, काका.”

“पण फॅक्टरी ॲम्युनिशनचीच ना?”

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “फुलबाजी पेटवायला हात लांब करतात. ‘नाही’ लिही तू.” नोकरीच्या रकान्यात फॅक्टरीचे नाव खरेखुरे आणि कामाचे स्वरूप ‘पगारपत्रके’ असे लिहून हा स्फोटक विषय मिटला.

‘आपल्याला कधी अटक झाली आहे काय?’ या प्रश्नापाशी माझे मामा अडले होते ते आठवले. मामांनी आणीबाणीत सत्याग्रह करून कारावास भोगलेला. घरातल्या प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशाला ही हकीकत पंगतीच्या शेवटापर्यंत चालायची. दर वेळी पोलीस वाढायचे. सरकार त्याबद्दल मानधनही देते. व्हिसाचा फॉर्म समोर आला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मामा हळू आवाजात म्हणाले, “तशी ती अटक म्हणायची की नाही...” मी ‘हो’ लिहायला लावले आणि खाली खुलासा लिहिला. जुनी राजकीय अटक सांगितल्याने काही बिघडत नाही, लपवल्याने बिघडते. मामांना व्हिसा मिळाला. आता लग्नात ती हकीकत मुलाखतीच्या खिडकीपर्यंत लांबली आहे.

मग येते सुरक्षेचे पान. आपण हेरगिरी करायला चालला आहात काय? घातपात? दहशतवादी संघटनेला पैसे दिले? नरसंहारात भाग घेतला? कुणाचा छळ केला? बालसैनिक भरती केले? जबरदस्तीने कुणाचे अवयव काढले? काकू डोळ्याला पदर लावायच्या बेतात होत्या. सकाळी देवाला दूर्वा वाहून आलेल्या बाईला जेवणाआधी हे विचारायचे म्हणजे काय! काका प्रत्येक प्रश्नाला ‘नाही, नाही’ म्हणत होते. छळाच्या प्रश्नाला काकू म्हणाल्या, “थांबा. याचं उत्तर यांनी नाही द्यायचं.”

नरसंहार केलेला माणूस या पानावर ‘हो’ लिहील असे अमेरिकेलाही वाटत नाही. त्यातली मेख वेगळी आहे. माणूस पुढे कधी पकडला गेला, तर त्याचा मूळ गुन्हा सिद्ध करत बसण्यापेक्षा ‘फॉर्ममध्ये खोटे लिहिले’ एवढे दाखवणे सोपे असते. तेवढ्यावर त्याला घालवता येते. आपल्याकडे वकिलाने हे काकांना समजावले असते तर त्याने फी घेतली असती. काका प्रभावित झाले. टेलिकोडवरून गेलेली अमेरिकेची अब्रू थोडी परत आली.

ती समाजमाध्यमांच्या पानावर पुन्हा गेली. २०१९पासून मागच्या पाच वर्षांतली सगळी खाती कळवावी लागतात. यादीत चीनमधली आहेत, रशियातले आहे, आणि २०१७मध्ये बंद पडलेले ‘वाइन’सुद्धा आहे. काकूंना वाटले, दारूबद्दल विचारतात. त्या यादीत व्हॉट्सॲप काही सापडले नाही. काका गंभीर झाले. रोज पहाटे पाच वाजता सूर्योदय, कमळ आणि सुविचार असे जगभर पाठवणारा माणूस अमेरिकेच्या दृष्टीने समाजमाध्यमांवर अस्तित्वातच नव्हता.

फॉर्म संपला की फोटो. स्टुडिओवाल्याला ‘व्हिसाचा’ एवढे सांगून चालत नाही. तो विचारतो, “कुठला? शेंगेन, युके का युएस?” शेंगेनचा साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटर, अमेरिकेचा दोन इंच बाय दोन इंच. ऑनलाइन चढवायचा तर किमान सहाशे बाय सहाशे पिक्सेल आणि फाइल दोनशे चाळीस केबीच्या आत. २०१६पासून चष्मा चालत नाही. त्यामुळे काकूंना कॅमेरा कुठे आहे हेच दिसत नव्हते. त्या ट्रायपॉडशेजारच्या कुंडीकडे बघत होत्या. पार्श्वभूमी पांढरी, मान सरळ, कपाळावर केस नाहीत, सावली नाही. या फोटोत प्रत्येक सज्जन माणूस मागच्या पानावरच्या सगळ्या प्रश्नांना ‘हो’ म्हणाला असावा असा दिसतो.

अमेरिका निदान एकच देश आहे. युरोपचे तसे नाही. लक्झेंबर्गमध्ये मोझेल नदीकाठी शेंगेन नावाचे लहानसे गाव आहे. तिथे १९८५ साली नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला की आपापसात सीमेवर अडवाअडवी नको. आज २९ देश त्यात आहेत. त्या गावाच्या नावाचा व्हिसा घेऊन आपली माणसे सगळीकडे जातात, शेंगेन सोडून.

माझ्या वहिनीचा मैत्रिणींचा गट युरोपला निघाला तेव्हा पहिला वाद अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हा झाला. नियम असा की जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथे आधी पाय ठेवणार तिथे. एकीला पॅरिसमध्ये एक रात्र जास्त हवी, दुसरीला स्वित्झर्लंडमध्ये. फ्रेंच राज्यक्रांतीही इतकी लांबली नसेल. बरे, अर्ज ‘ऑनलाइन’ म्हणजे काय? टाइप आपण करायचे, प्रिंट आपण काढायची, सह्या आपण करायच्या, आणि गठ्ठा घेऊन बोटांचे ठसे द्यायला आपणच जायचे. पूर्वी कारकून जे काम पगार घेऊन करायचा, ते आता आपण ९० युरो फी भरून करतो. शिवाय किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. वहिनी म्हणाली, “एवढ्या पैशात मी इथे बरी होऊन पुन्हा आजारी पडेन.”

त्यात रोजचा कार्यक्रम लिहून द्यायचा. ज्या बायकांचे आज संध्याकाळी भाजी कुठली हे साडेसातपर्यंत ठरत नाही, त्यांनी तीन महिन्यांनंतरच्या मंगळवारी दुपारी आपण कुठल्या संग्रहालयात असू ते लेखी दिले. मग बँकेचे स्टेटमेंट. तेही ऑनलाइन मिळते, पण त्याची प्रिंट काढून बँकेत जाऊन शिक्का मारून आणला की बरे, असे एजंट सांगतो. शिक्का मारणारा कर्मचारी जेवायला गेलेला असतो. हे मात्र कुठल्याच देशाच्या वेबसाइटवर लिहिलेले नसते. आणि अर्जाच्या आठवड्यात दिराकडून उसने घेतलेले चार लाख खात्यात आले की आपण श्रीमंत दिसू, असे पुष्कळांना वाटते. अधिकाऱ्याला ते चार लाख आधी दिसतात आणि मग दीर दिसतो.

सोपे फॉर्मही असतात. व्हिएतनामचा ई-व्हिसा घ्या: एकदा जाऊन येण्याचे २५ डॉलर, मुक्काम ९० दिवसांपर्यंत, फॉर्म आटोपशीर. तिथे अडले ते आमचे मेव्हणे, पैसे भरताना. कार्ड दर वेळी नाकारले जाई. मेव्हण्यांनी व्हिएतनामच्या परराष्ट्र धोरणावर टीका सुरू केली. कारण भारतातच होते: रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमाने नवीन कार्डावर परदेशी व्यवहार आधीपासून बंद असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपण चालू करायचे असतात. त्याआधी मेव्हणे एका भलत्याच वेबसाइटवर पोहोचले होते. झेंडा व्हिएतनामचा, कमळ व्हिएतनामचे, फी मात्र तिप्पट. खाली बारीक अक्षरांत ‘आमचा सरकारशी संबंध नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिलेले होते. इतक्या बारीक अक्षरांत प्रामाणिकपणा करणाऱ्यांचा हा धंदा जोरात चालतो, कारण शोधयंत्रात पहिल्या ओळीला तेच बसलेले असतात.

हे सगळे फॉर्म भरून भरून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. त्यांना आपली आजी, आपले कुळ, आपली वर्गणी यांच्याशी काही देणेघेणे नाही. शंभर प्रश्नांच्या आडून त्यांना एकच विचारायचे असते: परत जाणार ना? अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात २१४(ब) नावाचे कलमच आहे. त्यानुसार फिरायला येणारा माणूस कायमचा राहायलाच आला आहे असे आधी धरून चालायचे, आणि तसे नाही हे त्याने पटवायचे. न्यायालयात आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. व्हिसाच्या खिडकीत पाहुण्याने द्यायचा.

आणि आपल्याकडे पुरावे काय कमी आहेत? काकूंनी कामवाल्या मावशींना चार महिने सुट्टी दिली, तर पाचव्या महिन्यात त्या दुसरे घर धरतील. काकांची दाढ अर्धी उकरून ठेवलेली आहे, आणि उरलेले काम तिकडे करायचे तर फ्लॅट विकावा लागेल. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघणार आहे. काका नसले तर त्यांची जागा दुसऱ्या मजल्यावरचा घेईल. भाद्रपदात गौरी घरच्याच सुनेने बसवायच्या असतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला आहेच. आणि चौथ्या दिवशी मुलगा “बाबा, आज पास्ता करू या” म्हणाला की काकांचा चेहरा जो होईल, तो एकच पुरावा कुठल्याही खटल्यात पुरेसा आहे. पण यातल्या एकाही गोष्टीला अपलोडचे बटण नाही. बटण असते ते ‘मालमत्ता’, ‘उत्पन्न’ आणि ‘नोकरी’ यांना. ज्या कारणांनी माणूस खरोखर घरी परततो, ती कारणे पीडीएफमध्ये मावत नाहीत.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत काका-काकूंची मुलाखत झाली. काकांनी फाइल एवढी जाड नेली होती की ती उचलायला काकूंची मदत लागली. खिडकीतल्या बाईंनी ती उघडायलाही सांगितली नाही. कुणाकडे चाललात, मुलगा काय करतो, परत कधी, एवढेच विचारले. काकू म्हणाल्या, “गौरींच्या आधी.” दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. खाली उतरल्यावर काकू म्हणाल्या, “अहो, दहा वर्षं? आपण चारच महिने मागितले होते ना?”

परदेशी सरकारांवर एवढे तोंडसुख घेतल्यावर आपल्या घरात डोकावणे भाग आहे. भारताने ऑनलाइन टुरिस्ट व्हिसाची सोय नोव्हेंबर २०१४मध्ये सुरू केली. माझ्या भाचीचा नवरा जर्मन. लग्नानंतर सासुरवाडीला यायचे म्हणून तो आपला फॉर्म भरायला बसला. आपण त्याला काय विचारतो ऐका. धर्म कोणता? वडिलांचा जन्म कुठला, आईचा कुठला? आजी-आजोबांपैकी कुणी पाकिस्तानचे होते का? गेल्या तीन वर्षांत सार्क देशांत गेला होतात का? भारतात ओळखीचे कोण, तुमच्या देशात ओळखीचे कोण? आणि, शरीरावर ओळखीची दिसणारी खूण कोणती?

या शेवटच्या प्रश्नापाशी तो जर्मन मुलगा थांबला. त्याच्या देशात त्याला हे कुणी कधी विचारले नव्हते. त्याने व्हिडिओ कॉलवर सासूला विचारले. आमच्या ताईला मात्र यात काहीच वावगे वाटले नाही. तिच्या लहानपणापासून प्रत्येक दाखल्यावर ‘डाव्या गालावर तीळ’ असतोच. तिने जावयाला कॅमेऱ्यापुढे मान वळवायला लावली, बाही वर करायला लावली, आणि शेवटी कोपरावर सायकलवरून पडल्याची जुनी खूण शोधून काढली. “हे घे, लिही,” ती विजयी मुद्रेने म्हणाली. त्या मुलाने निमूटपणे लिहिले. तेव्हा अमेरिकेने आजीचे नाव विचारले म्हणून चिडण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही. संशय घेण्यात सगळी सरकारे एका गोत्राची आहेत.

म्हणून परदेशी निघालेल्या वाचकांना थोडे सांगतो. वेबसाइटच्या पत्त्यात सरकारी ‘गव्ह’ आहे का ते बघा. झेंडा आणि कमळ यांवर जाऊ नका. अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक पान भरले की सेव्ह करा. निपाणीला फोन त्यानंतर लावा. पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच प्रत्येक ठिकाणी लिहा, मग ते कितीही चुकीचे असो. कार्डावरचे परदेशी व्यवहार आधी चालू करा. कुठेही खोटे लिहू नका. खऱ्याने फार तर खुलासा लिहावा लागतो. आणि आईच्या आईचे नाव आजच विचारून ठेवा. ते ठाऊक असलेल्या मावशीला आता ऐकू कमी येते, आणि व्हिसा नाही मिळाला तरी ते नाव माहीत असलेले बरे.